पेढी, पोस्ट आणि पडदा

एमबीएच्या प्रवेशाचं माहितीपत्रक उघडलं की हल्ली तीन रकाने दिसतात: कॅम्पस, हायब्रिड, ऑनलाइन. फी बहुधा याच उतरत्या क्रमाने, आणि पालकांच्या मनातली प्रतिष्ठाही त्याच क्रमाने. या मांडणीत एक वंशावळ गृहीत धरलेली असते. कॅम्पस हे थोरलं घराणं, ऑनलाइन हे कालपरवा जन्मलेलं, आणि हायब्रिड म्हणजे करोनाच्या धामधुमीत दोघांची घाईने उरकलेली सोयरीक. मागोवा घेऊ लागलं की ही वंशावळ उलटीपालटी होते. धंद्याच्या शिक्षणात कॅम्पस हाच उशिरा आलेला पाहुणा आहे. दुरून शिकवणं त्याच्याही आधीचं. आणि ज्याला आपण हायब्रिड म्हणतो, ते तर आपल्या माहितीतल्या बहुतेक सगळ्या जुन्या सीएंनी केलेलं आहे.

गादीशेजारची उमेदवारी

व्यापार शिकायची मूळ जागा म्हणजे दुकान. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत पोरगा धुळपाटीवर अक्षरं गिरवी आणि पाढे पाठ करी. नुसते बे आणि तिनाचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीसुद्धा. रुपये-आणे-पै आणि मण-शेराच्या जगात दशांशाचं काही काम नव्हतं, पाव आणि पाऊण यांचं होतं. मोडीचं वळण बसलं की पोरगा पेढीवर उमेदवारीला जाई. तिथे आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज. हिशेबाची आणि दप्तराची रीत सांगणाऱ्या लेखनाला मेस्तक म्हणत. परंपरा त्याचा मान यादवांच्या हेमाडपंताला देते. पण मेस्तक घरात असलं तरी शिकणं व्हायचं ते दिवाणजींच्या गादीशेजारीच.

या शिक्षणाची खरी परीक्षा रोज संध्याकाळी असे. रोकड मोजली जाई. वहीतली शिल्लक पेटीतल्या शिल्लकेशी जुळली नाही तर पेढी बंद होत नसे. पोराने दुपारी केलेली चूक दिवेलागणीला त्याच्यासमोर उभी राही. पुढे शेदीडशे वर्षं शिक्षणतज्ज्ञ ज्या गोष्टीच्या मागे धावले, ती इथे आपसूक होती.

दोष होते, आणि ते लहान नव्हते. पेढीचं दार जातीने आणि नात्याने उघडत असे. मुलींना ते बंदच होतं. आणि उमेदवार शिकायचा तो एकाच पेढीची रीत. शेजारच्या पेठेत दुसरी रीत असेल तर त्याला तिचा पत्ता नसे.

इथे शिकणाऱ्याच्या वाट्याला येणारी तीन अंतरं लक्षात ठेवली, तर पुढचा सगळा प्रवास समजायला सोपा जातो. पहिलं अंतर बाजारापासूनचं, दुसरं शिक्षकापासूनचं, तिसरं बरोबरीने शिकणाऱ्या सोबत्यांपासूनचं. पेढीवर पहिली दोन शून्य होती आणि तिसरं अफाट. त्यानंतर जी जी पद्धत आली, तिने यांतलं एखादं अंतर कापलं आणि दुसरं वाढवलं.

एका पेनीचं तिकीट

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या पाद्री-गणितज्ञाचा जाडजूड ग्रंथ छापून बाहेर पडला. त्यातल्या एका भागात व्हेनिसचे व्यापारी द्विनोंदी पद्धतीने हिशेब कसे ठेवतात, हे लिहिलं होतं. पाचोलीने ही पद्धत शोधली नव्हती. ती व्यापाऱ्यांत आधीपासून चालत होती. त्याने केलं ते एवढंच, की ती पेढीबाहेर काढून छापील पानावर ठेवली. ज्याने व्हेनिसचं पाणी कधी पाहिलं नाही अशा माणसालाही आता व्हेनिसची हिशेबाची रीत शिकता येऊ लागली. दूरशिक्षणाचा आरंभ शोधायचा तर या छापील पानापाशीच थांबावं लागतं. अडचण एकच होती. पुस्तक सांगतं, पण ऐकत नाही. वाचणाऱ्याने जमा आणि नावे यांची उलटापालट केली तरी पाचोलीला ते कळणार कसं?

ही अडचण सुटायला साडेतीनशे वर्षं लागली, आणि ती सोडवली टपालाने. बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात १७२८ साली कॅलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाची जाहिरात आहे: लघुलेखनाचे धडे दर आठवड्याला बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना पाठवले जातील. धडे जाणार होते. उत्तरं परत येऊन तपासली जात होती का, याचा त्या जाहिरातीत उल्लेख नाही. ते काम केलं आयझॅक पिटमनने. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि त्याच वर्षी बाथ गावच्या या शिक्षकाने आपल्या लघुलिपीचा पोस्टाने प्रसार सुरू केला. विद्यार्थी उतारे लघुलिपीत लिहून पाठवत, ते तपासून, दुरुस्त करून परत येत. पेढीवरची संध्याकाळची शिल्लक आता लिफाफ्यात बसू लागली होती. फक्त ती जुळायला काही दिवस लागत.

लघुलेखनाला आज कोणी व्यवस्थापन शिक्षण म्हणणार नाही. पण त्या काळच्या कचेरीत वर चढायची ती पहिली पायरी होती. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्याचं तिकीट आलं आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात पत्र जाऊ लागलं. पिटमनची लघुलिपी मुंबईत फोर्टातल्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचली आणि तिथून गावोगावच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांत शिरली. घरच्या परिस्थितीमुळे कॉलेज न झालेल्या मराठी मुलामुलींच्या पिढ्यांनी त्या बळावर नोकऱ्या मिळवल्या.

अमेरिकेत पोस्टाच्या शिक्षणाचा मोठा व्यवसाय झाला. त्यातलं एक उदाहरण आजच्या वादाला फार उपयोगी पडतं. न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली अलेक्झांडर हॅमिल्टन इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या व्यवस्थापकांना ती घरबसल्या पुस्तकांचा संच आणि स्वाध्याय पाठवी. तिचे प्रमुख जोसेफ फ्रेंच जॉन्सन हे त्याच वेळी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वाणिज्य विद्यालयाचे डीन होते. म्हणजे वर्गातलं आणि टपालातलं शिक्षण एकाच माणसाच्या टेबलावर नांदत होतं. दोन वैरी घराणी आहेत अशी समजूत नंतरची.

बाजार वर्गात आणायचा कसा?

आता कॅम्पसकडे येऊ. पॅरिसमध्ये १८१९ साली व्यापाराचं स्वतंत्र विद्यालय निघालं. अमेरिकेत १८५० च्या दशकात ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांच्या बिझनेस कॉलेजांची साखळी शहरोशहरी पसरली. पोकीप्सी गावच्या ईस्टमन कॉलेजात तर वर्गातच लुटुपुटीची बँक आणि दुकानं असत, आणि व्यवहारासाठी कॉलेजच्या स्वतःच्या नोटा छापलेल्या असत. त्या नोटा आज संग्राहक जमवतात. हा खेळ का करावा लागला? मुलं बाजारातून उचलून बाकांवर बसवल्यावर बाजार लांब गेला होता. धंद्याच्या शिक्षणात कॅम्पस हेच एक प्रकारचं दूरशिक्षण आहे: शिक्षक जवळ, सोबती जवळ, बाजार दूर.

विद्यापीठांनी ही उडी आणखी लांब नेली. निकेल आणि लोखंडाच्या धंद्यात पैसा केलेल्या जोसेफ व्हार्टन यांच्या एक लाख डॉलरांच्या देणगीतून १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल उभं राहिलं. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ चं. तिथे १९११ च्या सुमारास आर्च शॉ यांनी चालवलेला एक अभ्यासक्रम पाहण्यासारखा आहे. एखादा व्यावसायिक वर्गात येऊन आपल्या धंद्यातली खरीखुरी अडचण मांडे. विद्यार्थी त्यावर लेखी तोडगा देत. मग तोच व्यावसायिक परत येऊन त्यांच्या तोडग्यांची चिरफाड करी. डीन वॉलेस डोनम हे कायद्याच्या मुशीतले. वकील जसे खटल्यांवरून कायदा शिकतात तसा धंदाही प्रकरणांवरून शिकवावा, असा त्यांनी १९१९ पासून आग्रह धरला, आणि केस पद्धत रूढ झाली. १९५३ साली हार्वर्डच्या ऑल्ड्रिच हॉलमध्ये घोड्याच्या नालेसारखे, पायऱ्यापायऱ्यांचे वर्ग बांधले गेले. तिथे विद्यार्थ्याला फळ्याइतकेच इतरांचे चेहरे दिसतात. उत्तर चुकलं तर ते शिक्षकाच्या आधी समोर बसलेला कोणीतरी सांगतो.

मुंबईत सोहराब दावर यांनी १९०० साली वाणिज्याचे वर्ग सुरू केले होते. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पेढीचं दार जातीने उघडत असे, हे आठवलं की या नेमणुकीचं मोल कळतं. कॅम्पसने बाजार लांब नेला खरा, पण ज्यांना पेढीच्या पायरीवरही कोणी उभं केलं नसतं त्यांना त्याने आत घेतलं. आणि मुंबईने स्वतःची तडजोडही काढली. सकाळी सातला कॉमर्स कॉलेज, मग लोकल पकडून दहाच्या ठोक्याला कचेरी. त्याला कोणी हायब्रिड म्हटलं नाही. मॉर्निंग कॉलेज म्हटलं.

स्वातंत्र्यानंतर पुण्यामुंबईच्या कॉमर्स कॉलेजांच्या जोडीला व्यवस्थापन संस्था आल्या. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबादच्या आयआयएम, १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. अहमदाबादला हार्वर्डचं साहाय्य होतं, बजाजला स्टॅनफर्डचं. लुई कान यांच्या अहमदाबादच्या लाल विटांच्या इमारती 'कॅम्पस' या शब्दाचं चित्रच होऊन बसल्या.

सीएचा जुना हायब्रिड

याच काळात एक व्यवस्था मुकाट्याने चालू होती, तिची हायब्रिडच्या चर्चेत कोणी आठवण काढत नाही. १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली. सीए होणाऱ्याने कॅम्पसवर जायचं नसे. दिवसभर एखाद्या फर्ममध्ये आर्टिकलशिप, अशिलांच्या गोदामात जाऊन मालाची मोजदाद, व्हाउचरांवर टिका मारणं. आणि विषयांचा अभ्यास संस्थेकडून पोस्टाने येणाऱ्या साहित्यावर. पेढी आणि पोस्ट यांची ही गाठ होती: बाजारापासूनचं अंतर शून्य, शिक्षकापासूनचं बरंच. ते बरंच असलेलं अंतर पुढे खासगी क्लासांनी भरून काढलं. निकाल कडक, गळती मोठी. तरीही या पदवीच्या किमतीबद्दल कोणाही शेटजीने कधी शंका घेतली नाही. आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, पण रद्द करण्याचा विचार कोणी केला नाही.

विद्यापीठांनी टपालाचा रस्ता नंतर धरला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं. १९८७ मध्ये त्याने सुरू केलेल्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक व्यवस्थापनाची पदविका होती. दोन्ही मिळून विद्यार्थी होते ४,५२८. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. गावातलं अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्क सत्रं, लिहून द्यायचे स्वाध्याय हा शब्दसंग्रह तिथून घराघरांत गेला. संसार, शेती, पाळीची ड्यूटी सांभाळून पदवी घेणाऱ्यांसाठी कॅम्पस हा पर्याय नव्हताच. त्यांची निवड दूरशिक्षण की काहीच नाही, अशी होती. ऑनलाइन आणि कॅम्पसची तुलना करताना हा तिसरा रकाना नेहमी विसरला जातो.

पडद्यावरचे वर्ग

दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दिसू लागले. पण दूरचित्रवाणी पाचोलीच्या पुस्तकासारखीच होती: सांगणारी, न ऐकणारी. परत बोलणाऱ्या पडद्याची सुरुवात कॅलिफोर्नियात ला होया इथे १९८२ सालीच झाली होती, आणि ती नेमकी व्यवस्थापन शिक्षणातच. वेस्टर्न बिहेव्हिअरल सायन्सेस इन्स्टिट्यूटने उच्चपदस्थ अधिकाऱ्यांसाठी एक कार्यक्रम काढला. आधी सगळ्यांनी आठवडाभर एकत्र राहायचं, मग घरी जाऊन टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या संगणकावरून महिनोन्‌महिने लेखी चर्चा करायची, पुन्हा भेटायचं. तिथे काम केलेले तत्त्वज्ञ अँड्र्यू फीनबर्ग यांनी लिहून ठेवलं आहे की संगणकावरून शिकवायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी लांबलचक व्याख्यानं टाईप करून टाकली आणि पलीकडून शांतता पसरली. चर्चा चालती ठेवायला कोणीतरी सगळ्यांचे धागे गोळा करून पुन्हा विणावे लागतात, हा धडा तिथे मिळाला. करोनाच्या पहिल्या महिन्यांत आपल्या प्राध्यापकांना तोच धडा अडतीस वर्षांनी नव्याने गिरवावा लागला.

आपल्याकडे आयआयएम कोझिकोडने २००१ मध्ये नोकरदारांसाठी थेट संवाद होणारे दूरस्थ वर्ग सुरू केले. मग २०१३ साली व्हार्टनने पहिल्या वर्षाचे मूळ विषय कोर्सेरा या ऑनलाइन मंचावर फुकट खुले केले, आणि कॅम्पस आता ओस पडणार अशी भाकितं झाली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्याच सोळा खुल्या अभ्यासक्रमांची पाहणी केली. नोंदणी करणारे सुमारे दहा लाख, आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचं सरासरी प्रमाण चार टक्के. शिक्षक उत्तम होते, चित्रफिती देखण्या होत्या. पण शिकणाऱ्याने धडा मध्येच सोडला तर कोणाला पत्ता लागत नव्हता.

हार्वर्डने उलटी वाट धरली. २०१५ मध्ये बॉस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात नालेच्या आकाराचा वर्ग उभारला, पण बाकांच्या जागी साठ पडदे लावले; प्रत्येक पडद्यावर एक विद्यार्थी. १९५३ चा ऑल्ड्रिच हॉलच तो, फक्त खुर्च्या जगभर पांगलेल्या. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ पासून सुमारे बावीस हजार डॉलरांत ऑनलाइन एमबीए दिलं, आणि २०१९ मध्ये चक्क आपलं निवासी एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. थोरल्या घराण्याने गाशा गुंडाळला आणि धाकट्याने कारभार हाती घेतला, असं तिथे घडलं.

तुलनेचा निकाल

मग शिकणं कुठे जास्त होतं? रिचर्ड क्लार्क या संशोधकाने १९८३ मध्येच एक मार्मिक उपमा दिली होती. भाजी कोणत्या गाडीतून आली यावर पोषण ठरत नाही. माध्यम ही नुसती गाडी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मिश्र पद्धत सरस दिसली. पण त्याच अहवालाने बजावलं होतं की मिश्र वर्गातल्या मुलांना बहुतेक वेळा जास्तीचा वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालं होतं. २०१२ चा विल्यम बोवेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास अधिक काटेकोर होता. सहा ठिकाणी संख्याशास्त्राचे विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. आठवड्यातून एकच तास प्रत्यक्ष वर्ग असलेल्या हायब्रिड गटाने नेहमीच्या गटाइतकेच गुण मिळवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अर्थशास्त्राचे विद्यार्थी तशाच पद्धतीने तिन्ही प्रकारांत विभागले गेले. हायब्रिड आणि वर्ग यांत लक्षणीय फरक नव्हता. पूर्ण ऑनलाइन गट मात्र अंतिम परीक्षेत पाच ते दहा गुणांनी मागे राहिला.

हे प्रयोग पदवीच्या पायाभूत विषयांवरचे आहेत. वाटाघाटी, नेतृत्व किंवा पस्तिशीतल्या नोकरदाराचं एमबीए यांना ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. गुणांत मावत नाही असंही काही कॅम्पस देतो: वसतिगृहातली रात्रीची भांडणं, पुढच्या तीस वर्षांत कामी येणाऱ्या ओळखी. २०२० मध्ये वर्ग पडद्यावर गेले तेव्हा व्हार्टन आणि स्टॅनफर्डच्या एमबीए विद्यार्थ्यांनी फी परत मागितली. प्राध्यापक तेच होते, अभ्यासक्रमही तोच. मग पैसे कशाचे मागितले? सोबत्यांचे. पैसे आपण कशासाठी मोजतो हे त्या मागणीने उघड केलं.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ऑनलाइन पदव्यांचे नियम केले, २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन एका नियमावलीत आणलं, आणि २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचं स्पष्ट केलं. कागदोपत्री भेद मिटला. उरला तो शिकण्यातला, आणि तो रकान्याच्या नावावर अवलंबून नाही. पिटमनच्या लिफाफ्यात, शॉ यांच्या वर्गात, आर्टिकलशिपमध्ये, साठ पडद्यांच्या खोलीत एक गोष्ट सारखी आहे: विद्यार्थ्याची चूक कोणीतरी पाहतं आणि त्याला परत दाखवतं. लाखोंच्या फुकट अभ्यासक्रमांत ती नव्हती. दीडशे जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपणाऱ्यालाही ती मिळत नाही, मग इमारत लाल विटांची असो वा संगमरवरी.

म्हणून फी भरण्याआधी कॅम्पस की ऑनलाइन हे विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. माझा स्वाध्याय कोण तपासणार आणि किती दिवसांत? माझ्या गटात कितीजण असतील आणि त्यांच्याशी माझं बोलणं कुठे होईल? खऱ्या धंद्यातलं काम मला कधी हाताळायला मिळेल? तिन्हींची सरळ उत्तरं देणारी संस्था कोणत्याही रकान्यात असो, चांगली समजा. उत्तरं देताना ती आपल्या इमारतीचे किंवा आपल्या ॲपचे फोटो दाखवू लागली, तर पैसे खिशातच ठेवा.